रक्ताची साक्ष



आमचे शाळेतील शिक्षण थोडके. पुढचे जे काही वाचले ते युनियनच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयात. तेव्हा पोटातील कर्करोग आणि रक्त या विषयावर आम्ही बोलावे याचे काहींना नवल वाटेल. परंतु कामगारांचे कागद वाचून दाखविणे हा आमच्या कामाचाच भाग आहे, आणि अलीकडे त्या कागदांत पगाराच्या पावत्यांइतकेच रक्ततपासणीचे कागद असतात. आतड्याचे ऑपरेशन झालेला माणूस कागद पुढे करतो आणि विचारतो, "भाऊ, हा आकडा काय म्हणतो?" त्याला विचारायचे असते दुसरेच. तो आकडा बोलू कसा लागला, आणि कोठवर खरे बोलतो, हे आज पाहावयाचे आहे.

रक्तावरून भाकीत करण्याची पहिली ठळक गोष्ट पॅरिसची आहे. आर्मां त्रुसो हे तेथील नामांकित वैद्य. रोग्याच्या शिरांत सबळ कारण नसता रक्ताच्या गुठळ्या होऊ लागल्या, तर आत कोठेतरी कर्करोग दडलेला असण्याचा संभव धरावा, असे त्यांनी आपल्या व्याख्यानांतून शिकविले. ती व्याख्याने 1865 साली ग्रंथरूपाने आली. 1867 च्या आरंभी त्यांच्या स्वतःच्याच शिरेत गुठळी धरली. या खुणेचा अर्थ त्यांना कोणी सांगण्याची गरज नव्हती. आपले आता संपले, असे त्यांनी शिष्याला सांगितले, आणि त्याच वर्षीच्या जूनमध्ये ते जठराच्या कर्करोगाने वारले. खूण खरी ठरली. उपाय मात्र काहीच नव्हता.

त्या ग्रंथानंतर बरोबर शंभर वर्षांनी, 1965 साली, कॅनडातील माँट्रिऑल शहरी फिल गोल्ड आणि सॅम्युएल फ्रीडमन यांनी जो शोध लावला तो आमच्या विषयाचा कणा आहे. कर्करोगाच्या गाठीत निरोगी शरीरात नसलेले असे काही द्रव्य असते काय, हा प्रश्न पूर्वीच्यांनीही हाताळला होता. अडचण अशी की, एका माणसाची गाठ आणि दुसऱ्याचे निरोगी मांस यांची तुलना केली, तर दिसणारा फरक रोगाचा की दोन माणसांतला, हे कळावे कसे? रक्तगट तेवढे वेगळे असले तरी घोटाळा होतो. गोल्ड आणि फ्रीडमन यांनी मोठ्या आतड्याची निवड केली. शल्यवैद्य गाठ काढताना आजूबाजूचे बरेच निरोगी आतडेही कापून काढतात. म्हणजे एकाच माणसाची रोगट आणि निरोगी अशी दोन्ही आतडी हाती येतात. गाठीचा अर्क सशांना टोचून त्यांच्या रक्तात प्रतिद्रव्ये तयार केली, निरोगी आतड्याशी जुळणारी प्रतिद्रव्ये त्यातून काढून टाकली, आणि जी उरली ती केवळ गाठीलाच ओळखत होती. युक्ती इतकी साधी की आपल्या गिरणीतल्या एखाद्या जुन्या जॉबरलाही सुचावी!

पुढे आणखी चमत्कारिक गोष्ट उघड झाली. तेच द्रव्य पहिल्या सहा महिन्यांच्या मानवी गर्भाच्या आतड्यात, यकृतात आणि स्वादुपिंडात सापडले. जे कारखाने जन्मापूर्वीच बंद पडावयाचे, ते कर्करोगात पुन्हा सुरू होतात असा त्याचा अर्थ लावला गेला, आणि द्रव्याला कार्सिनो-एम्ब्रियॉनिक अँटिजेन, थोडक्यात सी. ई. ए., असे नाव मिळाले. यकृताच्या कर्करोगाबाबत असेच एक गर्भावस्थेतील प्रथिन सोव्हिएत रशियात याच सुमारास सापडले होते: 1963 साली मॉस्कोत अबेलेव्ह यांना उंदरांत, आणि 1964 साली अस्त्राखानच्या तातारिनोव्ह यांना माणसांत. शीतयुद्धाच्या दोन्ही बाजूंना एकच वाट सापडावी, हे आम्हाला फार आवडते. असो.

1969 साली माँट्रिऑलच्या याच मंडळींनी सी. ई. ए. रक्तात मोजून दाखविले. मोठ्या आतड्याचा कर्करोग झालेल्या 36 रोग्यांपैकी 35 जणांच्या रक्तात ते मिळाले. साहजिकच वाटले की आता रक्ताचा थेंब घेऊन प्रत्येकाचा रोग लवकर पकडता येईल. तसे घडले नाही. गाठ लहान असताना हे द्रव्य पुष्कळदा वाढतच नाही. उलट बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांत, यकृताच्या दुखण्यांत, आतड्याच्या सुजेतही ते वाढते. यातला हिशेब समजून घेण्यासारखा आहे. समजा, दहा हजार कामगारांत दहा जणांना हा रोग आहे. तपासणी निरोग्यांपैकी शंभरात पाच जणांना चुकून रोगी ठरवते, आणि खऱ्या रोग्यांतले निम्मे पकडते. मग पाच रोग्यांसाठी सुमारे पाचशे निरोगी माणसे भयभीत होऊन दवाखान्याच्या दारात उभी राहतील, आणि उरलेले पाच रोगी निश्चिंत मनाने घरी जातील. 1980 साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने भरविलेल्या तज्ज्ञांच्या बैठकीने सरसकट तपासणीसाठी सी. ई. ए. वापरू नये असाच निर्णय दिला.

मग हे द्रव्य वाया गेले काय? नाही. ऑपरेशनपूर्वी आकडा फार वर असेल तर पुढची वाट बिकट असण्याचा संभव अधिक. ऑपरेशननंतर तो खाली आला नाही तर रोग मागे राहिल्याची शंका. आणि खाली येऊन पुन्हा चढू लागला, तर रोग परतत असल्याची सूचना, पुष्कळदा रोग्याला काही जाणवण्यापूर्वीच. रोग शोधणारा पहारेकरी म्हणून जो नापास झाला, तो भाकीत सांगणारा म्हणून कामाला लागला. एक व्यावहारिक गोष्ट येथेच सांगतो: निरनिराळ्या पद्धतींनी मोजलेले आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. म्हणून होता होईतो एकाच प्रयोगशाळेत तपासणी करावी आणि जुने कागद जपून ठेवावेत.

आता सूचना आधी मिळाली म्हणजे माणूस वाचतोच काय? या प्रश्नाचा निवाडा इंग्लंडात लागला, आणि त्याची हकिगत आम्हाला अस्वस्थ करते. 1982 साली तेथे एक मोठी चाचणी सुरू झाली. आतड्याचे ऑपरेशन झालेल्या 1447 रोग्यांचे रक्त ठरावीक काळाने तपासले जाई. आकडा वाढला आणि रोगी चाचणीच्या अटींत बसला, की चिठ्ठ्या टाकल्यासारखी विभागणी होई. अशा 216 जणांपैकी निम्म्यांच्या डॉक्टरांना वाढ कळविली जाई, म्हणजे ते पोट पुन्हा उघडून पाहू शकत. उरलेल्या निम्म्यांच्या डॉक्टरांना ती कळविलीच जात नसे. आकडा कचेरीतल्या कागदावर चढत होता, आणि ज्याच्या रक्ताचा तो आकडा होता त्या माणसाला त्याची खबर नव्हती!

आमच्यासारख्याला, ज्याने मालकांनी दडविलेले हिशेब उघड करण्यात उमर घालविली, हे ऐकून प्रथम संतापच येतो. पण पुढे पाहा. 1993 पर्यंत, ज्यांची वाढ कळविली त्या 108 जणांपैकी 91 मरण पावले होते. ज्यांची कळविली नाही त्या 108 जणांपैकी 88. लवकर कळून, पुन्हा चिरफाड सोसून, पदरात काहीच पडले नव्हते. चाचणी थांबविण्यात आली. संताप खरा त्यानंतरचा आहे: हा संपूर्ण वृत्तांत छापून प्रसिद्ध झाला तो 2014 साली. मधल्या वीस वर्षांत जगभर किती जणांनी महिन्या-महिन्याला हा आकडा धडधडत्या छातीने पाहिला असेल! त्याच 2014 साली इंग्लंडातील 1202 रोग्यांच्या दुसऱ्या एका चाचणीचे निकाल आले. तोपर्यंत शस्त्रक्रिया आणि छायाचित्रणाची यंत्रे पुष्कळ सुधारली होती. केवळ लक्षणे दिसल्यावर तपासलेल्या गटात, परतलेला रोग बरा करण्याच्या हेतूने शस्त्रक्रिया शंभरात 2.3 जणांवर होऊ शकली, सी. ई. ए. पाहून लक्ष ठेवलेल्या गटात 6.7 जणांवर. मृत्यूंच्या संख्येत मात्र ठळक फरक तेव्हाही दिसला नाही.

स्वादुपिंडाच्या कर्करोगात जो सी. ए. 19-9 नावाचा आकडा पाहतात, तो फिलाडेल्फियाच्या विस्टार संस्थेत कोप्रोव्स्की आणि सहकाऱ्यांनी 1979 च्या सुमारास शोधला. त्यामागे 1975 साली केंब्रिजच्या कोलर आणि मिल्स्टाइन यांनी काढलेली, एकाच जातीची प्रतिद्रव्ये हवी तितकी बनविण्याची रीत होती. त्या रीतीचे पेटंट इंग्लंडात कोणी घेतले नाही. गाठींविरुद्धच्या प्रतिद्रव्यांची पेटंटे फिलाडेल्फियाच्या मंडळींनी घेतली. श्रम एकाचे आणि मक्ता दुसऱ्याचा, हा प्रकार विज्ञानातही चालतो. या आकड्याची एक खोड ध्यानात ठेवावी: कावीळ असली की तो उगाच फुगतो, आणि लुइस नावाच्या रक्तगटाचा अभाव असलेल्या, शंभरात पाच ते दहा, माणसांच्या शरीरात तो तयारच होत नाही. त्यांचा आकडा शून्याजवळ असला तरी तो दिलासा नव्हे.

याहून स्वस्त साक्षीदारही आहेत. ग्लासगोच्या डॉक्टरांनी सी-रिॲक्टिव्ह प्रथिन आणि अल्ब्युमिन या दोन साध्या तपासण्यांवरून शून्य, एक, दोन असे गुण ठरविले. गुण जितके जास्त तितकी पुढची वाट अवघड. पण साधा जंतुसंसर्गही पहिला आकडा चढवितो. एका कारखान्याच्या कचेरीने ऑपरेशन होऊन परतलेल्या कामगाराला हजर करून घेण्यापूर्वी असले सगळे कागद मागितले होते. काम झेपते की नाही एवढे डॉक्टरने लिहून दिले की पुरे, माणूस किती वर्षे जगेल याच्याशी हजेरीपटाचा संबंध नाही, असे आम्ही कळविले, आणि ते त्यांना मानावे लागले.

शेवटचा अध्याय पेशींच्या तुकड्यांचा. रक्ताच्या निवळ भागात डी. एन. ए. सुटे तरंगत असते, हे 1948 साली फ्रान्समधील मांदेल आणि मेते यांनी दाखविले. तिकडे बरीच वर्षे कोणी फारसे वळून पाहिले नाही. गाठीतून सुटलेले असे डी. एन. ए. ऑपरेशननंतरही रक्तात सापडते काय, हे ऑस्ट्रेलियात जीन टाय आणि सहकाऱ्यांनी तपासले. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत, केमोथेरपी न घेतलेल्या ज्या 14 जणांत ते सापडले त्यांतील 11 जणांचा रोग परतला. न सापडलेल्या 164 जणांपैकी 16 जणांचा. म्हणजे 'नाही' हा शब्दही पूर्ण अभय देत नाही.

पण या मंडळींनी पुढचे पाऊल टाकले. 2022 साली जाहीर झालेल्या त्यांच्या चाचणीत दुसऱ्या टप्प्यातील मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे 455 रोगी होते. एका गटात केमोथेरपी द्यावी की नाही हे डॉक्टरांनी नेहमीच्या रीतीने ठरविले. दुसऱ्यात रक्तातील डी. एन. ए. पाहून. पहिल्या गटात शंभरात 28 जणांना ते कडक औषध घ्यावे लागले, दुसऱ्यात केवळ 15 जणांना. आणि दोन वर्षांनंतर रोग न परतता जिवंत असलेले पहिल्या गटात शंभरात 92.4, तर दुसऱ्यात 93.5. येथे आकड्याने भाकीत सांगून हात झटकले नाहीत. कितीएक माणसांच्या उलट्या, हातापायांच्या मुंग्या आणि बुडालेले खाडे वाचविले. मात्र ही तपासणी प्रत्येकाच्या गाठीनुसार वेगळी बेतावी लागते, आणि त्यामुळे ती साध्या रक्ततपासणीसारखी गल्लीतल्या प्रयोगशाळेत होत नाही.