असाधारण गर्भाशयी रक्तस्राव : बाह्यरुग्ण चिकित्सेतील निर्णय

असाधारण गर्भाशयी रक्तस्राव : प्रजननक्षम वयातील, गर्भवती नसलेल्या स्त्रीस प्रमाण, कालावधी, नियमितता अथवा वारंवारता यांपैकी कोणत्याही बाबतीत स्वाभाविक मर्यादेबाहेर होणारा गर्भाशयातील रक्तस्राव. रजोनिवृत्तीनंतरचा रक्तस्राव व्याख्येने निराळा असला, तरी निर्णयाच्या दृष्टीने त्याचा विचार याच नोंदीत करणे सोयीचे आहे. स्त्रीरोगतज्ज्ञाच्या बाह्यरुग्ण विभागात नित्य येणाऱ्या तक्रारींत ही अग्रगण्य असून, रुग्णेस दाखल न करता, भूल न देता आणि बहुधा दोन-तीन भेटींतच तिचा निकाल लावावयाचा असल्याने, कोणती तपासणी कोणत्या क्रमाने करावी व कोठे थांबावे याची कसोटी येथे लागते तशी अन्यत्र क्वचितच लागते. शस्त्रक्रियागृहात चुकलेला निर्णय तत्काळ दिसतो. दवाखान्यातील टेबलावर घाईने लिहिलेल्या चिठ्ठीचे परिणाम मात्र वीस वर्षांनी, कधी ठिसूळ झालेल्या हाडांच्या रूपाने, प्रकट होतात.

रुग्णेची कैफियत बहुधा ‘अंगावरून फार जातं’ एवढीच असते. या ‘फार’चे मोजमाप करण्याचा प्रयत्न स्वीडनमध्ये झाला आणि १९६६ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीवरून एका पाळीत ८० मिलिलिटरपेक्षा अधिक रक्त जाणे ही अतिस्रावाची सीमा ठरली, परंतु दवाखान्यात ते रक्त मोजणार कोण व कसे, या प्रश्नापुढे ती सीमा संशोधकांच्या दफ्तरातच राहिली. आता स्त्रीच्या शारीरिक, सामाजिक वा मानसिक जीवनात व्यत्यय आणणारा स्राव तो अतिस्राव, असे मानले जाते. दोन पाळ्यांमधील अंतर २४ ते ३८ दिवस आणि स्राव आठ दिवसांपर्यंत, ही स्वाभाविकतेची चौकट होय. पॅडची संख्या विचारण्याचा शिरस्ता कापड वापरणाऱ्या स्त्रीच्या बाबतीत निरुपयोगी ठरतो. तिला रात्री उठून कापड बदलावे लागते काय, गाठी पडतात काय, पाळीच्या दिवसांत कामावर जाता येते काय आणि जिना चढताना धाप लागते काय, हे विचारणारा चिकित्सक पाच मिनिटांत पुष्कळ काही जाणतो. तक्रार पहिल्या पाळीपासूनची असेल, दात काढताना वा बाळंतपणातही रक्त थांबत नव्हते असे कळले, तर रक्त गोठण्याच्या आनुवंशिक दोषाकडे लक्ष वेधले पाहिजे.

पहिली तपासणी गर्भधारणेची. लघवीची ही चाचणी काही मिनिटांची व अल्प खर्चाची आहे. तरीही ‘माझं ऑपरेशन झालंय’ या उत्तरावर विसंबून ती वगळली जाते. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील जवळपास निम्म्या विवाहित स्त्रियांची कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झालेली असते, आणि ती शस्त्रक्रिया क्वचित असफल झाल्यास गर्भ बीजवाहिनीत रुजण्याचा संभव इतरांपेक्षा अधिक असतो. सबब हे उत्तर चाचणी टाळण्यास नव्हे, तर करण्यासच कारण समजावे. औषधदुकानातून परस्पर आणलेल्या गर्भपाताच्या गोळ्यांनंतरचा अपूर्ण गर्भपातही याच चाचणीने बहुधा उघड होतो.

कारणांची सर्वमान्य वर्गवारी आंतरराष्ट्रीय प्रसूति-स्त्रीरोग महासंघाने २०११ मध्ये प्रसृत केली व २०१८ मध्ये सुधारली. तीत नऊ गट आहेत. मांसांकुर, गर्भाशयभित्तीत शिरलेले अंतःस्तर, तंतुगाठी आणि कर्करोग वा त्याची पूर्वावस्था ही रचनेतील, म्हणजे दृष्टीस वा सूक्ष्मदर्शकास दिसणारी कारणे; रक्त गोठण्यातील दोष, बीजोत्सर्गातील बिघाड, अंतःस्तराचे स्वतःचे विकार, औषधोपचारजन्य कारणे आणि अद्याप न वर्गीकृत झालेली कारणे ही उर्वरित. औषधोपचारजन्य गटात तांबी, रक्त पातळ ठेवणारी औषधे आणि संप्रेरके मोडतात. आपल्याकडे या गटाची एक खास उपशाखा म्हणता येईल : सणावारासाठी, लग्नकार्यासाठी वा देवदर्शनासाठी पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या. त्या थांबवल्यावर येणारा जोराचा स्राव घेऊन स्त्री घाबरी होऊन येते आणि गोळ्यांचा उल्लेख विचारल्यावाचून करीत नाही.

उदरपरीक्षा, योनिदर्शकाने गर्भाशयमुखाचे निरीक्षण आणि हाताने तपासणी, हा भाग सोनोग्राफी सुलभ झाल्यापासून संक्षिप्त होत चालला आहे, ही खेदाची बाब होय. समागमानंतर रक्त जाते असे सांगणाऱ्या स्त्रीच्या गर्भाशयमुखावरील व्रण यंत्राच्या पडद्यावर सहजी निसटतो. येथे चाळणी व निदान यांतील भेद ध्यानी ठेवावा लागतो. तक्रार नसलेल्या स्त्रियांची चाळणी किती प्राण वाचवू शकते, याचे एक महत्त्वाचे प्रमाण महाराष्ट्रातच सिद्ध झाले : बार्शीच्या कर्करोग रुग्णालयाच्या सहभागाने तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यातील खेड्यांत, ३० ते ५९ वयाच्या सुमारे १,३१,००० स्त्रियांवर १९९९ पासून चाललेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, मानवी पॅपिलोमा विषाणूच्या एकाच चाचणीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्याने घटले. परंतु जिला रक्तस्राव होत आहे आणि जिच्या गर्भाशयमुखावर गाठ वा व्रण प्रत्यक्ष दिसत आहे, तिच्या बाबतीत चाळणीच्या चाचणीचा ‘निर्दोष’ दाखला ग्राह्य धरता येत नाही. तेथे ऊतकाचा तुकडा काढून परीक्षेस पाठविणे हाच मार्ग.

यानंतरचा प्रश्न गर्भाशयाच्या अंतःस्तराचा नमुना घ्यावा की नाही, हा. वय ४५ किंवा त्याहून अधिक असल्यास नमुना घेणे हा सामान्य नियम आहे. त्याहून कमी वयातही स्थूलता वा बीजकोशांचा बहुपुटी विकार यांमुळे दीर्घकाळ केवळ इस्ट्रोजेनाच्या प्रभावाखाली राहिलेल्या, अथवा औषधांनी न सुधारणाऱ्या स्त्रीस तो लागू होतो. पूर्वी त्यासाठी भूल देऊन गर्भाशय खरवडावे लागे, ज्यास लोक ‘क्युरेटिंग’ म्हणतात. फ्रान्समधील कॉर्निए यांनी १९८४ च्या सुमारास प्रचारात आणलेल्या पायपेल या बारीक लवचीक नळीने हे काम बाह्यरुग्ण विभागातच, क्षणभराच्या कळेच्या मोबदल्यात उरकते. अंतःस्तरभर पसरलेला कर्करोग तिच्यातून क्वचितच निसटतो. एका कोपऱ्यातील मांसांकुर मात्र तिच्या हाती लागत नाही. म्हणून अहवाल निर्दोष येऊनही रक्त थांबत नसेल, तर प्रकरण निकालात निघाले असे न समजता दुर्बिणीने गर्भाशयाच्या आत पाहणे आवश्यक ठरते.

रजोनिवृत्तीनंतर एकदाच, अगदी थेंबभर, रक्त दिसले तरी तपास टाळू नये. कारण अशा स्त्रियांपैकी शेकडा सुमारे ९ जणींत अंतःस्तराचा कर्करोग आढळतो, तर त्या कर्करोगाच्या शेकडा ९० रुग्णांची पूर्वखूण हाच रक्तस्राव असते. योनिमार्गे केलेल्या सोनोग्राफीत अंतःस्तराची जाडी ४ मिलिमीटर वा त्याहून कमी भरल्यास कर्करोगाचा संभव अत्यल्प असल्याने तूर्त थांबता येते. हा ४ मिलिमीटरचा दंडक पाळी चालू असलेल्या स्त्रीस लावण्याची चूक वारंवार घडते. तिच्यात ही जाडी महिन्याच्या दिवसागणिक बदलत असते.

सोनोग्राफीच्या अहवालाविषयी आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. त्यात ‘बल्की युटेरस’ हे शब्द छापून येतात आणि घरी पोहोचेपर्यंत त्यांची ‘पिशवीला सूज’ झालेली असते. अनेक बाळंतपणे झालेल्या स्त्रीचे गर्भाशय किंचित मोठे असणे हा रोग नव्हे. भित्तीच्या बाहेरच्या अंगास असलेली दीड सेंटिमीटरची तंतुगाठ अतिस्रावास बहुधा जबाबदार नसते. तेवढीच गाठ आतल्या पोकळीत डोकावत असेल तर ती पुरेपूर जबाबदार असू शकते. चित्रातील प्रत्येक गाठ आरोपी ठरविण्याआधी तिचे स्थान व तक्रार यांचा मेळ बसतो काय, हे पाहण्याचे काम यंत्राचे नसून चिकित्सकाचे आहे.

उपचारांत रक्तक्षयाकडे प्रथम पाहावे. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी शेकडा ५४ जणींत तो आढळला, आणि ज्यांच्या अंगात तो वर्षानुवर्षे मुरला आहे त्यांना आपण आजारी आहोत असे वाटतही नाही. गर्भधारणेची इच्छा, वय, रक्तदाब, अर्धशिशी व रक्ताच्या गुठळ्यांचा पूर्वेतिहास यांचा तपशील घेतल्यावर औषधाची निवड होते. जपानमध्ये उताको व शोसुके ओकामोतो या दांपत्याने शोधलेले ट्रॅनेक्झॅमिक अम्ल केवळ स्रावाच्या दिवसांत घेतले असता स्राव शेकडा ४० ते ५० ने घटतो. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत जन्मलेले ऑरमेलॉक्सिफेन हे ‘सहेली’ या नावाने गर्भनिरोधक म्हणून प्रसिद्ध झाले. रक्तस्रावावर ते पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा व पुढे एकदा दिले जाते. सर्वांत परिणामकारक औषधोपचार म्हणून लेव्होनॉर्जेस्ट्रेल सोडणाऱ्या गर्भाशयांतर्गत साधनाचे नाव घ्यावे लागते, मात्र ते बसविल्यावर पहिले तीन ते सहा महिने थोडे थोडे रक्त दिसत राहते. हे आधी न सांगितल्यास स्त्री ते महिन्याभरात काढून मागते आणि उपचार फसला असा शेरा दोघांच्याही मनात कायम होतो.

गर्भाशय काढून टाकणे हा निश्चित उपाय खरा, आणि इतर उपाय हरल्यावर, विशेषतः कर्करोगात, तो न करणे हाच अपराध ठरेल. पण ‘पिशवी खराब झाली आहे, ठेवली तर कॅन्सर होईल’ या एका वाक्यावर तिशीतल्या स्त्रियांची गर्भाशये गेली, याची साक्ष बीड जिल्ह्याने दिली. विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१९ मध्ये या प्रकरणाची चौकशी केली. सुमारे ८२,००० ऊसतोड स्त्रियांच्या पाहणीत १३,००० हून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो, मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते आणि कामाचा एक दिवस बुडाला तर खाड्याचा दंड बसतो. अशा व्यवस्थेत पाळीच जाणे ही स्त्रीला सुटका वाटावी यात नवल नाही, आणि डॉक्टरने ती सोयीची मानावी यातच सारा दोष आहे. गर्भाशयासोबत बीजकोशही काढले तर ऐन तारुण्यात रजोनिवृत्ती ओढवून हाडांना व हृदयाला धोका पोहोचतो. बीडच्या या प्रकरणात खासगी रुग्णालयांनी गर्भाशय काढण्यापूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकाची परवानगी घ्यावी असा हुकूम निघाला. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये अनावश्यक गर्भाशयशस्त्रक्रिया रोखण्याची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत अमलात आणण्यास सर्व राज्यांना सांगितले. त्याच न्यायालयाने २००८ मध्ये, केवळ निदानासाठी संमती दिलेल्या स्त्रीचे गर्भाशय व बीजकोश ती बेशुद्ध असता आईच्या होकारावर काढण्यात आले असताना, आईची ही संमती कायदेशीर नव्हे असा निवाडा दिला होता. तीही दीर्घकाळच्या रक्तस्रावासाठीच डॉक्टरकडे गेली होती.

उपचार सुरू केल्यावर तीन महिन्यांनी फेरतपासणी करण्याची रीत आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ऊसतोडीची टोळी गाव सोडते व उन्हाळ्याच्या तोंडी परतते, त्यामुळे ऊसतोड स्त्रीला ही तारीख पाळता येत नाही. तिच्या बाबतीत औषधाची निवड करताना दसऱ्याच्या आधी गर्भाशयांतर्गत साधन बसविणे, लोहाच्या गोळ्यांचा पूर्ण हंगामाचा पुरवठा सोबत देणे आणि तपासणीचे कागद कारखान्याजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखविता येतील अशा रीतीने तिच्याच हाती सोपविणे, हे चिठ्ठीवरील औषधाइतकेच निर्णयाचे अंग ठरते.