समोवार
समोवार : चहासाठी पाणी उकळून ते तासन्‌तास कढत ठेवणारे, तोटी असलेले रशियन धातुपात्र. अठराव्या शतकात रशियात त्याचा प्रसार झाला. १७७८ मध्ये लिसित्सिन बंधूंनी तूला येथे समोवार घडवण्यास सुरुवात केली आणि पुढे ते शहर या उद्योगाचे मुख्य केंद्र बनले. तांब्या-पितळेच्या या पात्राच्या मधोमध उभी नळी असते. तीत कोळसा किंवा पाइनची सुकी बोंडे जळतात. माथ्यावरच्या किटलीत ‘झावार्का’ हा चहाचा दाट अर्क मुरतो. पेल्यात तो थोडा ओतून तोटीचे पाणी मिसळतात. सोबत लिंबू, साखर, मुरंबा. रशियन घरातील संध्याकाळची बैठक याच्याभोवतीच जमे. काश्मिरातही कहवा समोवारात करतात. रशियातील लांब पल्ल्याच्या रेल्वेडब्यांत प्रवाशांसाठी कढत पाण्याची अशीच टाकी असते.