आरशाची खोली

लेक लग्न होऊन बंगळुरूला गेली आणि आमच्या डोंबिवलीच्या घरातली तिची छोटी खोली मोकळी झाली. मोकळी कसली! महिन्याभरात तिथे इस्त्रीचे कपडे, गव्हाचं पिंप, जुन्या पिशव्या आणि पाहुण्यांच्या गाद्या जाऊन बसल्या. शेवटी लेकच फोनवर म्हणाली, "आई, तिथे मस्त ड्रेसिंग रूम कर. आयुष्यभर दाराआड साडी नेसलीस."

खरंच आहे ते. सुताराला बोलावलं. आरसा कुठे, दिवा कुठे, खण किती, असं सगळं बोलणं चाललं होतं. सासूबाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. हळूच म्हणाल्या, "माझं कपाट तिथेच राहू दे, पण आरसा त्याच्यासमोर नको गं."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. मामंजींना जाऊन दोन वर्षं झाली. तेव्हापासून आई स्वयंपाकघरात, ओट्याला पाठ लावून, हाताने चाचपत वेणी घालतात. भांग रोज थोडा तिरका असतो. घरात त्यांना कुणी काही म्हटलेलं नाही. कुणी म्हणायची गरजच पडत नाही, हेच तर वाईट.

सुतार माप घेऊन गेला. मी माळ्यावरची फणेरपेटी काढली. ती आक्कांची, म्हणजे माझ्या आजेसासूबाईंची. आजच्या मुलींनी फणेरपेटी पाहिलेली नसेल, म्हणून सांगते. वीतभर उंचीची लाकडी पेटी. झाकण उघडलं की ते तिरकं उभं राहतं आणि त्याच्या आतल्या बाजूला आरसा असतो. खाली कप्पे. फणी, कुंकवाचा करंडा, काजळाची डबी, मेणाची डबी. कपाळावर आधी मेणाचं बोट लावायचं आणि त्यावर कुंकू, म्हणजे ते दिवसभर पसरत नसे. (मध आम्हाला वर्ज्य, पण पोळ्याचं मेण कपाळावर चालायचं. हे कसं, असं मी एकदा आक्कांना विचारलं होतं. "खात नव्हतो ना," एवढंच त्या म्हणाल्या.) बाई पेटीपुढे मांडी घालून बसायची, दहा मिनिटांत आवरायची, झाकण लावायची की खोली पुन्हा माजघर. आपल्याकडे साजशृंगाराला खोली नव्हतीच, पेटी होती. अशा पेट्या, करंडे, फण्या आणि पाय घासायच्या नक्षीदार वज्र्या पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयात आहेत. एकदा जाऊन बघा. वज्रीवरसुद्धा मोर आणि हत्ती काढणारे लोक होते आपले.

त्याआधी तर आरसाही हातातच असायचा. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात, म्हणजे पाचव्या शतकात, एक राजस्त्री हातात गोल आरसा धरून स्वतःला न्याहाळते आहे आणि दासी शेजारी प्रसाधनाचं तबक घेऊन उभी आहे. तो आरसा धातूचा असणार. तो घासूनपुसून चकचकीत ठेवावा लागे. केरळात अरनमुळ्याला असे धातूचे आरसे आजही ओततात. मंदिरांच्या भिंतींवरही या बायका आहेत. बेलूरच्या चन्नकेशव मंदिरावर दर्पणसुंदरी आहे. खजुराहोला तर पार्श्वनाथाच्या, म्हणजे आपल्याच मंदिराच्या बाहेरच्या भिंतीवर एक डोळ्यांत काजळ घालते आहे आणि एक पायात घुंगरू बांधते आहे. आत वीतराग भगवंत, बाहेर काजळ. ज्याने हे घडवलं त्याला त्यात विसंगती वाटली नाही. मलाही वाटत नाही.

भिंतभर आरसे लावायची हौस मात्र राजेरजवाड्यांची. पुण्याच्या शनिवारवाड्यात आरसेमहाल होता. १८२८ च्या आगीत वाड्याच्या आतल्या इमारती जळून गेल्या. तेव्हाच्या काचेच्या आरशामागे कथील आणि पाऱ्याचा लेप असे. १८३५ साली लीबिग नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने काचेवर चांदीचा पातळ थर चढवायची रीत काढली आणि त्यातून पुढे आरसा स्वस्त झाला. आपण मात्र अजूनही कडा काळ्या पडल्या की "आरशाचा पारा उडाला" म्हणतो. पारा कधीच गेला, शब्द राहिला.

आमच्या या भागात आरसा घरात कसा शिरला त्याची गंमत वेगळी आहे. १६ एप्रिल १८५३ ला आगगाडी ठाण्यापर्यंत आली, पुढच्या वर्षी कल्याणला पोचली. गाडीमागून नोकरदार आले, नोकरदारांमागून चाळी. आमचं घराणं शिरोळ तालुक्यातलं. मामंजी १९७४ साली डोंबिवलीला चाळीत एका खोलीत आले. खोलीत माणसं सहा. पुरुषांचा दाढीचा आरसा खिडकीच्या गजाला. बायकांनी मोरीच्या पडद्याआड साडी नेसायची आणि आरसा बघायचा तो सगळे पांगल्यावर. मग गोदरेजचं कपाट आलं. लोखंडी कपाटं ती कंपनी १९२३ पासून करत होती, आमच्याकडे पोचायला पन्नास-पंचावन्न वर्षं लागली एवढंच. त्याच्या दाराला उभा आरसा होता. डोक्यापासून पावलापर्यंत आपण एकदम कशा दिसतो, हे आईंनी त्यात पहिल्यांदा पाहिलं. तोवर त्या स्वतःला फक्त तुकड्यातुकड्यांत ओळखत होत्या.

ड्रेसिंग टेबल हे त्यानंतरचं सुख, आणि कल्याण-डोंबिवलीत ते बहुतेकांचं उल्हासनगरहून आलेलं. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत जागा मिळाली. त्या कल्याण कॅम्पाचं ८ ऑगस्ट १९४९ ला उल्हासनगर झालं. सगळं मागे टाकून आलेल्या त्या माणसांनी जे धंदे उभे केले, त्यात एक फर्निचर बाजार. तीन आरशांचं टेबल टेंपोत घालून, वर चादर बांधून आणायचं आणि जिन्यात अडकलं की शेजाऱ्यांना हाक मारायची! नोकरी करणाऱ्या मैत्रिणींना मात्र ते टेबल रविवारीच भेटायचं. त्यांचा खरा साज लोकलच्या बायकांच्या डब्यात. डोंबिवलीला चढायचं, ठाण्यापर्यंत वेणी, मुलुंडपर्यंत टिकली, आणि आरसा एकीचा, वापरायच्या पाचजणी.

हा झाला आरसा मिळाल्याचा इतिहास. त्याच्याशेजारी आरसा काढून घेतल्याचाही एक इतिहास आहे, आणि आक्कांची पेटी उघडल्यावर तोच समोर आला. झाकणातल्या आरशावर कॅलेंडरचं चित्र कापून घट्ट बसवलेलं. कुंभोजचा बाहुबली. आक्का बाविसाव्या वर्षी विधवा झाल्या. आमच्या घराण्यात केशवपन नव्हतं, एवढीच काय ती दया. बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं आणि आरशापुढे बसणं बंद झालं. पेटी मात्र त्यांनी कुणाला दिली नाही. करंड्यात बटणं ठेवली, फणीच्या कप्प्यात जपमाळ, आणि आरशावर भगवान.

ज्या काळात विधवेचे केसही तिचे नव्हते, त्या काळात, १८९० साली, नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या न्हाव्यांना एकत्र आणलं आणि विधवांचं वपन आम्ही करणार नाही असं त्यांच्याकडून म्हणवून घेतलं. गिरणी कामगारांचे पुढारी म्हणून आपण त्यांना ओळखतो, पण मला हीच गोष्ट मोठी वाटते. शास्त्र्यांशी वाद घालण्यापेक्षा वस्तराच बंद! आपल्या समाजात शेठ माणिकचंद जव्हेरींच्या कन्या मगनबाई स्वतः तरुणपणी विधवा झाल्या आणि त्यांनी मुंबईत श्राविकाश्रम चालवून अशा बायकांना शिकवलं. तरीही रीत इतकी चिवट की अगदी परवापरवा, ४ मे २०२२ ला, आमच्याच शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीला ठराव करावा लागला की गावात कुंकू पुसणं, मंगळसूत्र काढणं, बांगड्या फोडणं यापुढे नाही. १७ मे ला राज्य सरकारने परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींना तोच कित्ता गिरवायला सांगितलं. ती बातमी मामंजींनी मोठ्याने वाचून दाखवली होती. आई तेव्हा भाजी निवडत होत्या. "बरं झालं," म्हणाल्या.

मग कुणीतरी म्हणतंच, अगं, दागिने आणि आरसा सोडणं हा तर आपला धर्मच. साधू-साध्वी आरसा बघत नाहीत, केशलोच करतात. खरं आहे. पण या विषयावर आपल्याकडे जी सर्वांत मोठी गोष्ट आहे, ती घडली कुठे? आरशाच्याच खोलीत! भरत चक्रवर्ती आपल्या आदर्शगृहात, म्हणजे आरसेमहालात, नटूनथटून उभा होता. बोटातली अंगठी गळून पडली. ते एक बोट त्याला उघडं, निस्तेज दिसलं. तेव्हा त्याने मुकुट, कुंडलं, हार एकेक करून उतरवले आणि पाहिलं की शोभा सगळी उसनी होती. तिथेच त्याला केवलज्ञान झालं. बाराव्या शतकात हेमचंद्राचार्यांनी ही कथा अशी लिहिली आहे. आमच्या मजल्यावरच्या श्वेतांबर भाभींकडून मी ती पहिल्यांदा ऐकली. आपल्या दिगंबर परंपरेत, जिनसेनांनी सुरू केलेल्या आणि गुणभद्रांनी पुरा केलेल्या आदिपुराणात, भरताला आरशात पांढरा केस दिसतो आणि तो दीक्षा घेतो. अंगठी की केस, यावर दोन्हीकडचे पंडित बोलतील. आरसा दोन्हीकडे आहे. अष्टमंगलांच्या यादीतही दोन्हीकडे काही चिन्हं वेगळी, पण दर्पण दोन्हीकडे.

आणि दोन्ही कथांत भरताने स्वतः पाहिलं, स्वतः उतरवलं. कुणी त्याचा हात धरून दगडावर बांगड्या फोडल्या नाहीत. आक्कांच्या वाट्याला जे आलं त्याला त्याग म्हणायची माझी तयारी नाही. मनाविरुद्ध सोसावं लागतं त्याला शास्त्रात वेगळा शब्दच आहे, अकाम निर्जरा. तत्त्वार्थसूत्राच्या सहाव्या अध्यायात देवायुष्याच्या कारणांत ती मोजली आहे, मोक्षाच्या मार्गात नाही. एवढा बारीक भेद आपल्या आचार्यांनी करून ठेवला आणि आपण घराघरांत दोन्ही एकच धरून बसलो. आई उद्या म्हणाल्या की मला साजाची ओढ उरली नाही, आरसा नको, तर मी पाया पडेन. पण लाजेने नको असेल तर नाही.

तर खोली. जमवली ती अशी. रेशमी पडदे नाहीत, सुती लावले. सुताराला लाखेचं पॉलिश नको म्हणून सांगितलं, कारण लाख किड्यांपासून येते. त्याने दुसरं पॉलिश लावून दिलं, चमक थोडी कमी आहे, असू दे. केसांच्या ब्रशची दातरी डुकराच्या केसांची नाही ना, हे बघून घेतलं. ओठांच्या लालीत किरमिजी किड्याचा रंग असतो, तेव्हा डबीवरचं बारीक अक्षर वाचून एक काढून टाकली. दिवा डोक्यावर लावू नका, डोळ्यांखाली सावली पडते आणि बाई उगाच दमलेली दिसते. आरशाच्या दोन्ही बाजूंना, चेहऱ्याच्या उंचीवर लावा. आणि आपल्याकडच्या पावसात भिंत ओल धरते, म्हणून आरशामागे बोटभर फट ठेवा.

पूर्ण दिसायला माणसाएवढा आरसा लागतो हा गैरसमज आहे. आपल्या उंचीच्या निम्मा पुरतो, फक्त योग्य उंचीवर हवा. खालची कड जमिनीपासून डोळ्यांच्या निम्म्या उंचीवर. मी पाच फूट चार इंच, आई चार फूट दहा. दोघींना दिसायला हवं म्हणून मी तीन फुटांचा आरसा सांगितला, खालची कड सव्वादोन फुटांवर. सुताराने माझ्याकडे बघून तो अडीच फुटांवर ठोकला.

आक्कांची पेटी आरशाखालच्या फळीवर ठेवली. बाहुबलीचं चित्र काढलं नाही. बटणं मात्र करंड्यातून काढली. आईंचं कपाट होतं तिथेच आहे आणि आरसा शेजारच्या भिंतीवर आहे. समोर नाही, पण कपाटाचं दार उघडलं की दिसतो. मी काही बोलले नाही.

पाचव्या दिवशी सकाळी मी कुकर लावत होते. आई आतून म्हणाल्या, "त्या सुताराला परत बोलव गं. मला घोट्यापासून वरचंच नीट दिसतंय, पावलं दिसत नाहीत. चार बोटं खाली घ्यायला सांग."

सुतार रविवारी येतो म्हणालाय.