घडीच्या फोनचा सोललेला थर

एप्रिल २०१९. सॅमसंगचा गॅलेक्सी फोल्ड समीक्षकांच्या हाती पडला आणि काही दिवसांतच काहींचे पडदे निकामी झाले. दोघातिघांनी वरचा थर नेहमीचे संरक्षक आवरण समजून सोलून काढला होता. वस्तुतः तो पडद्याचाच भाग होता. १,९८० डॉलरच्या या फोनची विक्री सप्टेंबरपर्यंत लांबली. समीक्षकांना हसणे मात्र अन्यायाचे ठरेल: नेहमीची काच दुमडत नाही म्हणून प्लास्टिक आले, आणि प्लास्टिक दिसले की नख लागणारच. २०२० च्या झेड फ्लिपमध्ये सुमारे ३० मायक्रोमीटर जाडीची, वाकणारी काच आली. तिच्यावरही प्लास्टिक उरलेच. घडीचा फोन सर्वांआधी, २०१८ मध्ये, विक्रीस काढणारी चीनची रोयोल २०२४ मध्ये दिवाळखोर ठरली. त्याच वर्षी ह्वावेचा दोनदा दुमडणारा मेट एक्सटी बाजारात आला.