सांधे धरले, आता दाखवायचं कुणाला?

सकाळी बोटं वळत नाहीत, भाकरी थापता येत नाही, ही तक्रार आपल्या बचत गटात नेहमी निघते. ‘वय झालं’ म्हणून आपण ती बाजूला सारतो. आज या दुखण्याचा थोडा इतिहास सांगते.

पूर्वी हाड मोडलं की गावचा हाडवैद्य बांबूच्या पट्ट्या बांधायचा. खरा डॉक्टर कोण, हे कळावं म्हणून मुंबई इलाख्यात १९१२ साली कायदा झाला, डॉक्टरांची नोंदणी सुरू झाली. सोलापूर त्याच इलाख्यात होतं. पुढे १९६३ साली सोलापुरात वैद्यकीय महाविद्यालय निघालं. आज ते डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय महाविद्यालय म्हणून ओळखलं जातं.

खेड्यात सांधे किती जणांचे दुखतात, हे मोजायचं काम १९९६ साली आपल्याच पुणे-सोलापूर रस्त्यावर, उजनीकाठच्या भिगवणला सुरू झालं. पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पथकाने घरोघरी विचारणा करून ४,०९२ प्रौढांची माहिती घेतली. शंभरात सुमारे १८ जणांना हाडा-सांध्यांचं दुखणं निघालं, त्यात बायका जास्त. बोटं वाकडी करणारा आमवात मात्र दोनशेत एखाद्यालाच. म्हणजे प्रत्येक दुखणं आमवात नव्हे. पण ज्याला तो आहे, त्याने उशीर करून चालत नाही.

माझ्या सासूबाईंनी बाजारातली पुडी घेतली. दोन दिवसांत दुखणं गेलं, म्हणून वर्षभर घेत राहिल्या. चेहरा सुजला, साखर वाढली, आणि बोटं वाकली ती वाकलीच. अशा बिननावाच्या पुड्यांत स्टेरॉईड असू शकतं, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

म्हणून लक्षात ठेवा. हाड मोडलं, गुडघा झिजला, तर अस्थिरोगतज्ज्ञ, पाटीवर एम.एस. ऑर्थोपेडिक्स, डी.एन.बी. किंवा डी. ऑर्थो. असं लिहिलेलं असतं. दोन्ही हातांची बोटं सुजतात, सकाळचा ताठरपणा अर्धा-एक तास जात नाही, तर संधिवाततज्ज्ञ, म्हणजे रुमॅटॉलॉजिस्ट. तो जवळ नसेल तर आधी एम.डी. मेडिसिन डॉक्टरांना दाखवा, पुढे कुठे जायचं ते विचारा. नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नका. महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे तो तपासता येतो.

आणि बाई, एकटी जाऊ नकोस. गटातली एखादी सोबत ने, जुने कागद आणि घेतलेल्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत टाक. पुडी घेतली असेल तर तीही दाखव.