घसा नवा, कर्णा तोच

कर्ण्याला वय नसतं, वय असतं ते त्याच्या मागे बसवलेल्या युनिटला. पत्र्याची, लाकडाची किंवा ओतीव ॲल्युमिनियमची ती रुंदावत गेलेली पोकळी चेपली नाही, गंजली नाही, तर शंभर वर्षांपूर्वी हवेशी जशी वागत होती तशीच आजही वागते. मागचं युनिट मात्र थकतं. चुंबक मंदावतो, पडदा तडकतो, कॉइलवरचं वॉर्निश जळतं. म्हणून कर्ण्याचा इतिहास म्हणजे त्याच्या मागे वेळोवेळी काय बसवलं गेलं त्याचा इतिहास. तो एकाच शहरात सलग पाहायचा असेल तर ते शहर कलकत्ता.

माझे वडील साताऱ्याकडच्या जत्रांमध्ये तंबू थिएटर चालवायचे. संध्याकाळी तंबूच्या खांबावरचा भोंगा गाणं लावून गावाला बोलवायचा. त्या भोंग्याचं युनिट उघडायला मी त्यांच्याकडेच शिकले. लग्नानंतर कलकत्त्याच्या हाजरा भागात राहायला आले आणि इथल्या चांदनी चौकातल्या कॉइल गुंडाळणाऱ्या मिस्त्रींच्या बाकड्याशी बसून बाकीचं शिकले. जुन्या सिनेमा-कर्ण्यांना नवी युनिटं आणि नवे क्रॉसओव्हर बसवणं हे आता माझं काम आहे.

या शहरात कर्णा विजेवरच्या युनिटच्या आधी आला. १९०२ मध्ये फ्रेडरिक गायस्बर्ग ग्रामोफोन कंपनीची यंत्रं घेऊन इथे उतरला. गायिका गौहर जान यांनी त्याच्यापुढे गायलं ते मायक्रोफोनमध्ये नव्हे, कर्ण्यात. कर्ण्याच्या अरुंद टोकाशी एक पडदा, पडद्याला सुई, सुईखाली मेण. गाणं संपल्यावर त्या स्वतःचं नाव इंग्रजीत सांगायच्या, कारण तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जायच्या आणि तिथल्या माणसाला गाणारी कोण हे कळायला हवं. घरी ऐकताना हाच मार्ग उलटा: सुई, अभ्रकाचा पडदा, कर्णा. १९०८ मध्ये सियालदहला कारखाना निघाला आणि तबकड्या इथेच छापल्या जाऊ लागल्या. १९२८ पासून ते काम डमडमला गेलं. नाट्यसंगीताच्या एचएमव्हीच्या ज्या तबकड्या पुण्या-सांगलीच्या दिवाणखान्यांत फिरल्या, त्या डमडमच्या प्रेसमधून निघालेल्या.

कर्णा आवाजात पदरची ताकद घालत नाही. पडदा जड आणि हवा हलकी, त्यामुळे नुसता पडदा हलला तर बरीचशी मेहनत वाया जाते. कर्णा या दोघांमध्ये सायकलच्या गिअरसारखा बसतो: अरुंद घशापाशी दाब जास्त, हालचाल कमी, रुंद तोंडापाशी दाब कमी, हालचाल जास्त. उघड्या कोनाचा साधा स्पीकर मिळालेल्या विजेचा एक-दोन टक्केच आवाज करतो, चांगला कर्णा त्याच्या दहापट आणि कधी त्याहूनही जास्त. सुरुवातीच्या बोलपटांचे व्हॉल्व्हचे ॲम्प्लिफायर दहा-पंधरा वॅटचे असत. तेवढ्यावर हजार माणसांचं थिएटर भरायचं, तर कर्ण्यावाचून इलाज नव्हता.

पण या गिअरची किंमत लांबीत मोजावी लागते. १०० हर्ट्झच्या सुराची हवेतली लांबी सुमारे ३.४ मीटर. तो सूर नीट बाहेर पडायला कर्ण्याच्या तोंडाचा घेर साधारण तेवढाच हवा, म्हणजे व्यास १.१ मीटर. एक इंची घशापासून तिथवर घातांकी वळणाने जायचं तर दर १९ सेंटीमीटरला क्षेत्रफळ दुप्पट करत दोन मीटर चालावं लागतं. सभेच्या खांबावरच्या भोंग्याचं तोंड साधारण ३६ सेंटीमीटर धरा. त्याचा हिशोब ३०० हर्ट्झपाशीच संपतो. डग्ग्याची घुमक त्यातून येणारच कशी? भोंगा कर्कश म्हणून त्याला नावं ठेवणाऱ्यांना मी हा हिशोब हमखास कागदावर मांडून दाखवते.

अभ्रकाच्या पडद्याची जागा विजेने घेतली ती १९२६ मध्ये. बेल प्रयोगशाळेतल्या एडवर्ड वेंट आणि अल्बर्ट थुरास यांनी केलेलं युनिट वेस्टर्न इलेक्ट्रिकने ५५५ या क्रमांकाने विकलं. ॲल्युमिनियमचा पातळ घुमटाकार पडदा, ॲल्युमिनियमच्याच पट्टीची कॉइल आणि पडद्यासमोर अगदी लागून एक भरीव ठोकळा. पडद्याच्या मधल्या आणि कडेच्या भागांतून निघालेला आवाज घशात एकाच वेळी पोहोचावा म्हणून त्या ठोकळ्यात वाटा कोरलेल्या. आज बाजारात मिळणारं जवळपास कुठलंही कॉम्प्रेशन युनिट उघडून पाहा, रचना तीच दिसेल. कायमचा दमदार चुंबक तेव्हा परवडत नव्हता, म्हणून ५५५ च्या पोटात विजेवर चालणारा चुंबक होता. त्याला ७ व्होल्टचा वेगळा पुरवठा लागे.

तीन-चार वर्षांतच पडद्यावरची माणसं कलकत्त्यात बोलू लागली. जमशेदजी मादन यांनी १९०७ मध्ये उभारलेल्या एल्फिन्स्टन पिक्चर पॅलेसमध्ये १९२९ च्या सुमारास अमेरिकी बोलपट लागला, तो हिंदुस्थानातला पहिला मानतात. १९३१ मध्ये मादनांच्याच कंपनीचा ‘जामाई षष्ठी’ हा पहिला बंगाली बोलपट आला. त्याच वर्षी बीरेंद्रनाथ सरकार यांनी न्यू थिएटर्स काढलं. मुंबईत ‘आलम आरा’च्या वेळी ध्वनियंत्रं घेऊन आलेला विलफर्ड डेमिंग हा अमेरिकी तंत्रज्ञ पुढे न्यू थिएटर्सच्या कामाला टॉलीगंजला होता. मुकुल बोस यांचं ध्वनिमुद्रण आणि सैगल यांचा आवाज तिथलाच. सैगल माइकजवळ हळू गात, असं आपण कौतुकाने म्हणतो. ते हळू गाणं थिएटरच्या शेवटच्या रांगेपर्यंत पडद्यामागच्या कर्ण्याने नेलं, त्याचं श्रेय मात्र कुणी देत नाही.

एकाच कर्ण्याने खालचे आणि वरचे सूर दोन्ही नीट वाजेनात, तेव्हा काम वाटून देण्याची कल्पना पुढे आली. खर्जासाठी मोठ्या शंकूचा स्पीकर, वरच्या सुरांसाठी कर्णा आणि मध्ये सूर वाटणारं कॉइल-कंडेन्सरचं जाळं, म्हणजे क्रॉसओव्हर. हॉलिवूडच्या एमजीएम स्टुडिओत डग्लस शिअरर, जॉन हिलियर्ड आणि जेम्स लान्सिंग या मंडळींनी १९३५-३६ मध्ये यावर काम केलं. आधीच्या प्रणालीत खर्जाचा कर्णा वरच्यापेक्षा कित्येक फूट लांब होता. एलिनॉर पॉवेल या नर्तिकेच्या बुटांची टकटक पडद्यावर एकदा आणि कानाला दोनदा येत होती, कारण दोन कर्ण्यांतून आलेला आवाज दोन वेळांना पोहोचत होता. त्यांनी खर्जाचा कर्णा आखूड केला आणि तक्रार मिटली. त्याच एमजीएमचं मेट्रो थिएटर चौरंगीवर १९३५ मध्ये उघडलं. लान्सिंग यांचं नाव घेतलेल्या आल्टेक लान्सिंग कंपनीने १९४५ मध्ये जी ‘व्हॉइस ऑफ द थिएटर’ मालिका आणली, तिच्यात ५०० हर्ट्झला वाटणी केलेली असे. पुढच्या पिढ्यांची कितीतरी थिएटरं जगभर याच नमुन्यावर चालली.

रस्त्यावरच्या भोंग्याची कहाणी वेगळी. नानिक मोटवाणी यांच्या शिकागो रेडिओचे भोंगे काँग्रेसच्या सभांमध्ये गाजले. ब्रिगेड परेड ग्राउंडवर ६ फेब्रुवारी १९७२ ला शेख मुजीब आणि इंदिरा गांधी बोलले, तेव्हा त्या मैदानात शब्द पोहोचवणं हेच केवढं काम असेल! पुढे गल्लीबोळांत, पूजा-मंडपांत माइक लावणं म्हणजे भोंगा रात्रभर कमाल ताकदीवर ठेवणं झालं. छोटं तोंड, जळायला आलेलं युनिट, कोंडलेला ॲम्प्लिफायर. १९९६ च्या एप्रिलमध्ये कलकत्ता उच्च न्यायालयात न्यायमूर्ती भगवतीप्रसाद बॅनर्जी यांनी या गोंगाटाला आळा घालणारा आदेश दिला. त्यानंतर राज्यात ध्वनिमर्यादक यंत्र सक्तीचं झालं. सरकारी वेबेल कंपनीने ती यंत्रं बनवली. माध्यमिक परीक्षेच्या दिवसांत उघड्यावर माइक लावायला इथे आजही मनाई असते. माझ्या मते तो आदेश कर्ण्याच्या भल्याचाच होता. चांगल्या कर्ण्याला ओरडावं लागत नाही, आणि आवाज चढवण्यालाच कला समजणाऱ्यांच्या हातून तो त्या आदेशामुळे सुटला.

थिएटरांतले कर्णे गेले ते मात्र न्यायालयामुळे नव्हे. नव्वदीच्या दशकात डॉल्बी आणि डीटीएस आले, पडद्यामागे तीन वाहिन्या हव्या झाल्या आणि एकच मोठा जुना कर्णा अडगळ ठरला. नंतर थिएटरंच मिटली. सुभाषचंद्र बोस यांच्या हस्ते उघडलेलं चित्रा, पुढचं मित्रा, २०१९ मध्ये बंद झालं. धर्मतल्ल्याचं एलिट त्याच्या आदल्या वर्षी. ग्लोब तर कधीच गेलं. भंगारवाला ओतीव कर्णे किलोवर घेतो, कारण त्याला ॲल्युमिनियम दिसतं. जपान आणि कोरियातले शौकीन वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या कर्ण्यांना दागिन्यांचे भाव देतात, हे इथल्या पुष्कळांना फार उशिरा कळलं.

सध्या माझ्याकडे उत्तर कलकत्त्यातल्या एका बंद थिएटरच्या कर्ण्यांची जोडी आहे. कर्णा खणांचा: एकाच घशातून फुटलेल्या अनेक छोट्या पत्र्याच्या कर्ण्यांचा गुच्छ, पत्रा वाजू नये म्हणून मधल्या फटींत डांबर भरलेलं. नव्वद वर्षांच्या उन्हाळ्यांनी ते डांबर एका बाजूला ओघळलेलं. चाचा, ज्यांच्या बाकड्यावर मी अर्धी विद्या शिकले, ते बोटाच्या पेराने प्रत्येक खणावर टकटक करून ऐकतात आणि खडूने खुणा करतात. ज्या खणाची टकटक बद्द येते तो भरलेला, ज्याची वाजते तो पोकळ. मीटरशिवाय इतकं नेमकं निदान मी दुसऱ्या कुणाला करताना पाहिलेलं नाही.

मूळ युनिटच्या ॲल्युमिनियमच्या पडद्याला कडेपाशी केसाएवढी चीर आहे. कर्ण्याचा घसा १.४ इंची, म्हणून त्याच मापाचं आजचं युनिट घेतलं: निओडिमियमचा चुंबक, टायटॅनियमचा पडदा. माप जुळलं म्हणजे काम झालं, असं मानणारे इथे बरेच आहेत. पण आजच्या युनिटचा निकास जुन्यापेक्षा जास्त कोनात उघडतो. सांध्यापाशी कोन अचानक मोडला किंवा मिलिमीटर-दोन मिलिमीटरची पायरी राहिली, तर वरचे सूर तिथे आपटून मागे फिरतात आणि ‘स’, ‘श’ ही अक्षरं टोचू लागतात. म्हणून लेथवर पितळेचा जोडतुकडा करून घेतला, आतून हळूहळू कोन बदलणारा. चाचांनी त्यात बोट फिरवून पाहिलं आणि म्हणाले, “बेटी, अभी थोडा और.” आणखी घासला.

मग वाटणीचं जाळं. जुनी युनिटं १६ ओहमची, नवं ८ ओहमचं. साध्या एका कंडेन्सरचा हिशोब धरला, तर १६ ओहमला ५०० हर्ट्झवर वाटणी करायला सुमारे २० मायक्रोफॅरड लागतात. त्याच कंडेन्सरवर ८ ओहमचं युनिट टांगलं की वाटणी सरकून १००० हर्ट्झवर जाते आणि मधलं एक अख्खं सप्तक अर्धपोटी राहतं. माणसाचा आवाज नेमका तिथेच असतो. “नवं युनिट लावलं, पण गाणं पातळ झालं” अशी तक्रार येते तेव्हा बहुतेक वेळा मुळाशी हेच असतं. मी ४० मायक्रोफॅरडचे प्लास्टिक फिल्मचे कंडेन्सर घेतले आणि कॉइल चाचांकडून जाड तांब्याच्या तारेने, हवेच्या गाभ्यावर गुंडाळून घेतली. जुने तेलाचे डबे उघडायचे नाहीत, हा माझ्याकडे कडक नियम आहे. त्या काळच्या बऱ्याच तेलांत पीसीबी हे विष असे.

ताकदीचाही मेळ घालावा लागतो. कर्णा खर्जाच्या पंधरा इंची स्पीकरपेक्षा दहा डेसिबलने मोठा वाजतो, म्हणजे त्याला दसपट कमी वीज पुरते. आजच्या युनिटांबरोबर वरचे सूर उचलून देण्याचा जो सल्ला मिळतो, तो आजच्या कर्ण्यांसाठी असतो. ते वरचे सूर बाजूंना पसरवतात. घातांकी कर्णा वरचे सूर समोर एकवटतो, त्यामुळे इथे उचलायचं काहीच नाही, उलट आवरायचं.

शेवटी शिअररच्या मंडळींना भेटलेला तोच प्रश्न. खर्जाचा शंकू पेटीच्या तोंडाशी आणि कर्ण्याचं युनिट त्याच्या मागे ३४ सेंटीमीटर, म्हणजे एक हजारांश सेकंदाचा फरक. ५०० हर्ट्झच्या सुराची अर्धी लांबीही तेवढीच. वाटणीच्या नेमक्या जागी दोघे एकमेकांना गिळतात. संगणकातून विलंब घालता येतो, पण मी पेटीच मागे सरकवते, कारण व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरवर ऐकणाऱ्या घरात मधे संगणक आणायचा नसतो. सरकवत सरकवत जिथे सैगल यांच्या आवाजाला एकच तोंड मिळालं, तिथे जमिनीवर पट्टी चिकटवली.

दुसऱ्या कर्ण्याचं डांबर अजून गरम करून भरायचं आहे. त्यासाठी पावसाळा संपायची वाट पाहतेय. मूळ युनिटं मी फेकलेली नाहीत. कर्ण्याच्या फ्लँजला एकही नवं भोक पाडलेलं नाही, पितळेचा तुकडा जुन्याच बोल्टांवर बसतो. चीर गेलेल्या पडद्याची मापं, कॉइलचे ओहम आणि बोल्टच्या आट्यांचा क्रमांक लिहिलेला कागद प्रत्येक खोक्यात घातला आहे. कुणाला मूळ पडदा बनवता आला तर चार बोल्ट काढून तो परत बसवता येईल.