घण, चंद्र आणि एक निवृत्त अभियंता

अठ्ठेचाळिसाव्या वर्षी चालता कारखाना सोडून देणारा अभियंता विरळाच. जेम्स नास्मिथने (१८०८–१८९०) ते केले. १८५६ च्या अखेरीस त्याने मँचेस्टरजवळच्या पॅट्रिक्रॉफ्ट येथील आपल्या कारखान्याचा कारभार सोडला आणि इंग्लंडच्या दक्षिणेकडील केंट परगण्यात घर घेतले. घराचे नाव ठेवले 'हॅमरफील्ड', म्हणजे घणाचे शेत! पुढची चौतीस वर्षे तो मुख्यतः आकाश पाहण्यात आणि चित्रे काढण्यात रमला. १८८३ मध्ये त्याचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. चरित्रकार सॅम्युअल स्माइल्सने त्याचे संपादन केले होते.

आत्मचरित्राची सुरुवात घराण्याच्या दंतकथेने होते. स्कॉटलंडमधील लढायांच्या धामधुमीत एक पूर्वज लोहाराच्या शाळेत लपला आणि लोहाराचा मदतनीस असल्याचे सोंग आणून घण मारू लागला. सवय नसल्याने घणाचा दांडाच मोडला, आणि पाठलाग करणाऱ्यांनी ओळखले की हा काही लोहार नव्हे. स्कॉटिश बोलीत 'लोहार नव्हे' याचा उच्चार 'ने स्मिथ', आणि त्यावरून आडनाव नास्मिथ. घराण्याच्या चिन्हात मोडके हातोडे आहेत, आणि 'कलेने नव्हे, शौर्याने' अशा अर्थाचे लॅटिन ब्रीद आहे. आपल्या जेम्सने शब्दांची अदलाबदल करून ते 'शौर्याने नव्हे, कलेने' असे करून घेतले. आडनावांच्या अशा व्युत्पत्त्या आपल्याकडेही पुष्कळ सांगितल्या जातात. इतिहास म्हणून त्यांना फारशी किंमत नसते.

वडिलांविषयीचा भाग मात्र भरीव आहे. अलेक्झांडर नास्मिथ हा एडिंबरोचा नावाजलेला चित्रकार. घरात त्याची स्वतःची कर्मशाळाही होती. एकदा रविवारी तो लोखंडी पत्रे जोडत होता. ख्रिस्ती शब्बाथच्या दिवशी ठोकाठोक ऐकू गेली तर शेजारी बोल लावतील, म्हणून त्याने रिव्हेट शेगड्यात धरून दाबून बसवले. आवाज न करता रिव्हेट बसवण्याची पद्धत अशी निघाली. जेम्सच्या सहा बहिणी आणि भाऊ पॅट्रिक हे सगळेच चित्रकार. हातात पेन्सिल आणि कानस दोन्ही असलेल्या या घरात जेम्स वाढला. १८२९ मध्ये हेन्री मॉडस्लेच्या लंडनमधील प्रसिद्ध कारखान्यात त्याला जागा मिळाली, ती स्वतः बनवलेले वाफेचे छोटे इंजिन आणि आपली रेखाटने दाखवून.

आता घणाकडे येऊ. तोवर मोठे घण चाकावरच्या दात्यांनी उचलले जात आणि ऐरणीवर पडत. त्यात एक अडचण होती. ऐरणीवर ठेवलेला लोखंडाचा गोळा जितका मोठा, तितकी घणाला पडायला जागा कमी. म्हणजे जिथे जोराचा घाव हवा, तिथेच तो सर्वांत दुबळा! 'ग्रेट ब्रिटन' या जहाजाच्या वल्हेचाकांसाठी प्रचंड जाडीचा आस हवा होता आणि तो घडवायला कोणी तयार होईना. नास्मिथने वाफेचा सिलिंडर ऐरणीच्या थेट वर उभा केला आणि दट्ट्याच्या दांड्यालाच घण जोडला. वाफ घणाला उचलते, वाफ सोडली की तो पडतो. शिवाय वाफेवर ताबा असल्याने घाव हवा तितका हलका करता येतो. पेल्यात ठेवलेल्या अंड्याचे फक्त कवच फोडण्याचा प्रयोग तो पाहुण्यांना दाखवीत असे. पुढे जहाज मळसूत्री पंख्यावर चालवायचे ठरले, त्यामुळे तो आस लागलाच नाही.

नास्मिथ सांगतो की हे रेखाटन त्याने २४ नोव्हेंबर १८३९ रोजी आपल्या वहीत केले. १८४२ मध्ये तो फ्रान्समधील क्रूझो येथे गेला तेव्हा तसाच घण तिथे काम करताना दिसला. त्याच्या म्हणण्याप्रमाणे तिथल्या मंडळींनी पॅट्रिक्रॉफ्टला येऊन त्याची वही पाहिली होती. परतल्यावर त्याने घाईने पेटंट घेतले. फ्रेंच बाजू मात्र हे श्रेय त्यांचा अभियंता बुर्दों याला देते. त्याआधी १७८४ मध्ये जेम्स वॅटच्या पेटंटात वाफेच्या घणाचा उल्लेख आलेलाच होता, पण तो कागदावरच राहिला. घण आपोआप चालवणाऱ्या झडपांचे श्रेयही वादाचे आहे. कारखान्यातील रॉबर्ट विल्सनला ते देणारे अनेक आहेत. वाद कसाही सुटो, वर्गात 'वाफेच्या घणाचा जनक' असे एका दमात सांगताना आपण थोडे थांबलेले बरे. कामगार संघटनांबद्दल नास्मिथ कडवट आहे. त्यांची बाजू समजून घ्यायला दुसरीकडे जावे लागते.

निवृत्तीनंतरचे मोठे काम म्हणजे जेम्स कार्पेंटरसह लिहिलेले चंद्रावरचे पुस्तक (१८७४). त्या काळच्या छायाचित्रांत चंद्राचे बारकावे येत नसत. म्हणून नास्मिथने दुर्बिणीतून वर्षानुवर्षे काढलेल्या चित्रांवरून प्लास्टरची प्रतिरूपे केली, ती उन्हात ठेवली आणि त्यांची छायाचित्रे काढली. पाहणाऱ्याला खराखुरा चंद्रच वाटावा! पर्वतरांगा कशा झाल्या हे दाखवण्यासाठी त्याने सुरकुतलेला हात आणि वाळलेले सफरचंद शेजारी शेजारी छापले: आतला भाग आकसला की सालीला वळ्या पडतात. विवरे मात्र त्याने ज्वालामुखींची ठरवली. चंद्रावर गुरुत्व कमी, हवा नाही, म्हणून मुखातून उडालेली राख दूरवर वर्तुळात पडून कडे बनते आणि उद्रेक मंदावला की मधोमध सुळका उरतो, असे त्याचे म्हणणे.

तर्कात ठळक खोट दिसत नाही. तरी विवरांबाबत तो चुकला. अमेरिकेतील ग्रोव्ह कार्ल गिल्बर्टने १८९३ मध्ये आघाताच्या बाजूने युक्तिवाद मांडला. विसाव्या शतकात विवरांचा अभ्यास आणि १९६९ ते १९७२ या काळात अपोलो मोहिमांनी आणलेले खडक यांवरून चंद्रावरील बहुतेक सर्व विवरे अशनींच्या आघाताने झाली हे पक्के झाले. प्रतिरूपातून चंद्र कसा दिसतो एवढेच सिद्ध होत होते, तो तसा का झाला हे नव्हे. चित्रकाराच्या घरातील ज्या कसबाने घणाचे रेखाटन थेट लोखंडात उतरवले, त्याच कसबाने चंद्राबाबत त्याची फसगत केली, असे मला वाटते. घण चालतो की नाही हे ऐरणीवर लगेच कळत होते. चंद्राला ऐरण नव्हती.

त्याच्या २० इंची दुर्बिणीचे भाग्य वेगळे निघाले. दुर्बीण वळली की निरीक्षकाला शिडीवर चढउतार करावी लागे. नास्मिथने आत एक तिरका सपाट आरसा बसवला आणि प्रकाश दुर्बिणीच्या पोकळ आसातून बाहेर काढला, म्हणजे खुर्चीत बसून पाहता येई. हवाई बेटांवरील केक आणि सुबारू, चिलीतील व्हीएलटी या दुर्बिणींत हीच व्यवस्था आहे. त्या जागेला नास्मिथ केंद्र म्हणतात. तिथे आता खुर्ची नाही, प्रचंड वजनाचे वर्णपटमापक असतात.